ओवीतली भावजय म्हणजे माझी आई

आई गेल्यावरच्या ज्या जात्यावरच्या ओव्या असतात ना, त्या ऐकून हल्ली सगळे ढसाढसा रडतात. मागे बासरी, समोर धुरकट फोटोत नऊवारीतली आज्जी, खाली 'मिस यू आई' आणि हात जोडलेले इमोजी. मलाही यायचं रडू, खोटं कशाला बोलू. पण यंदा आत्याकडून तिच्या तीन ओव्या नीट थांबून थांबून, प्रत्येक ओळीला 'म्हणजे काय गं' विचारत समजून घेतल्या आणि माझं मत झालंय की ही गाणी आपण समजतो तेवढी गोड अजिबात नाहीत. दुःख आहेच त्यात, पण त्या दुःखाला हिशोब आहे, आणि तो हिशोब बहुतेक वेळा भावाच्या दाराशी जाऊन उभा राहतो. आमच्या केसमध्ये तो भाऊ म्हणजे माझे पप्पा. त्यामुळे पुढचं वाचताना लक्षात असू द्या की मी काही तटस्थ बिटस्थ नाही.

तर झालं असं की भांडुपला चुलतभावाची हळद होती. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मंडप, एका बाजूला कॅटरर, एका बाजूला डीजेवाल्याचे डबे रचून ठेवलेले, आणि मधे घाणा भरायची तयारी. जातं डेकोरेशनवाल्यानेच आणलेलं, वीतभराचं शोभेचं, पिवळ्या ऑइलपेंटने रंगवलेलं, त्याच्या खुंट्याला सुपारी-हळकुंडाची पुरचुंडी आणि आंब्याची पानं बांधलेली. पाच सवाष्णी बसल्या, फोटोग्राफर म्हणाला ताई इकडे बघा, सगळ्यांनी खुंट्याला हात लावला आणि मग लक्षात आलं की ओव्या कुणालाच येत नाहीत. एकीने मोबाइलवर सर्च करायला घेतलं. आत्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, कारण तिचे यजमान गेलेत, तिने जात्याला हात लावायचा नाही. पण गाणं फक्त तिलाच येतं. म्हणजे हात सवाष्णींचे आणि गळा विधवेचा, हा आमच्याकडचा शास्त्रोक्त तोडगा. चालतं सगळ्यांना. मला नाही आवडलं, पण तिथे बोलून उपयोग नव्हता.

आत्याने सुरुवात रीतसर केली. पहिली ओवी गणपतीला, मग कुलदैवताला, मग नवरदेवाच्या आईबापाला. आणि मग गेलेल्या माणसांची आठवण काढतात तशी ती माझ्या आज्जीवर, म्हणजे तिच्या आईवर आली आणि तिथे तिचा आवाजच बदलला.

आई माझी गेली, कुनी म्हनंना बस बाई
भावाच्या वाड्यामंदी, पाटाला बी जागा न्हाई

म्हायेराच्या वाटंवर, गुडघाभर गवत
आईच्या माघारी गं, कोन येनार सोबत

बंधूनं घेतली चोळी, ठेवली मी खुंटीवरी
आईच्या लुगड्याला, दंड घालू किती बारी

तिसरी संपते न संपते तोच मुलाकडच्या एक बाई म्हणाल्या, अहो शुभकार्यात हे कशाला आता, दुसरं काहीतरी म्हणा छानसं. आत्या गप्प झाली. डीजेवाल्याने तेवढ्यात संधी साधली. पण एका बहिणीने रेकॉर्ड केलेलं होतं, तिने रात्रीच त्याला बासरी जोडून, पावसाचा आवाज टाकून रील करून फॅमिली ग्रुपवर टाकलं. सकाळपर्यंत पस्तीस-चाळीस माणसांनी रडका चेहरा टाकला. पप्पांनी हात जोडलेला इमोजी टाकला. ज्याच्यावर ओवी रचली त्यानेच तिला हात जोडले, आणि त्याला पत्ताच नाही!

मला आधी वाटलं की मीच जास्त अर्थ काढतेय. म्हणून एका रविवारी विक्रोळीला कन्नमवार नगरला आत्याच्या घरी गेले. ती गवार मोडत बसली होती, मी पण समोर बसून मोडायला घेतली, आणि एकेक ओळ विचारत गेले.

पाटाचं आधी. गावाला लेक माहेरी आली की उंबऱ्यातच तिला थांबवतात, पायावर पाणी, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, मग आत येऊन पाट. हे सगळं आई करते. मला वाटलेलं की आज्जी गेल्यावर कुणीतरी आत्याचा अपमान केला असेल, त्यावर ही ओवी असणार. तर आत्या म्हणाली, "नको कुनी म्हनलं न्हाई गं. नको म्हनलं असतं तर भांडले असते. कुनी काय म्हनलंच न्हाई." ती आली, पिशवी स्वतःच कोपऱ्यात ठेवली, स्वतःच जाऊन पाय धुतले, आणि उभी राहिली. कुणीतरी म्हणेल बस म्हणून. घर भरलेलं होतं, जो तो कामात होता, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मग ती आपली आपण भिंतीला टेकून बसली. बास, एवढंच. यावर एखादी बाई आयुष्यभर ओवी म्हणेल का? तर हो, म्हणते. कारण त्या उभं राहिलेल्या दोन मिनिटांत तिला कळलं की आता या घरात ती पाहुणी पण नाही आणि घरची पण नाही.

आज्जी कशी गेली, काय आजार होता, शेवटी काय बोलली, यातलं एक अक्षर ओवीत नाहीये हे बघा. मी विचारलं तर आत्या म्हणाली, ते तेव्हा रडून झालं. खरंच, माणूस गेल्यावर बायका हेल काढून रडतात, त्यात सगळं येतं, गेलेल्याचे गुण, शेवटचं बोलणं, 'मला का नाही नेलंस' वगैरे. ते रडणं त्या दिवसाचं असतं, चारचौघात असतं आणि सगळ्यांना अपेक्षितच असतं. उलट लेक रडली नाही तर बोलतील. मुंबईत तर तेही अवघड, बिल्डिंगमध्ये कुणी मोठ्याने हेल काढला की लिफ्टमधले लोक बघायला लागतात, वॉचमन वर येतो. ओवी मात्र नंतरची. सगळे विधी झाले, तेरावं झालं, लोक आपापल्या कामाला लागले, आणि मग पुढे कधीतरी पहाटे दळताना जे वर येतं ते. म्हणून ओवीतलं दुःख मरणाचं कमी आणि मरणानंतर काय काय बदललं त्याचं जास्त असतं.

दुसरी ओवी मला सगळ्यात सोपी वाटली होती, वाट, गवत, एकटेपणा, समजलं. पण त्यात मुराळी लपलाय. मुराळी म्हणजे सासरी जाऊन बहिणीला माहेरी घेऊन येणारा, बहुतेक वेळा भाऊच. पंचमीला, दिवाळीला आई मुलाला पाठवायची, जा रे ताईला घेऊन ये. मुराळी आल्याशिवाय सासरचे सोडायचे नाहीत आणि बाई एकटी निघायची नाही. म्हणजे वाटेवर गवत उगवलं ते बाई जायचं विसरली म्हणून नाही, तर तिला न्यायला कुणी आलं नाही म्हणून. भाऊ यायचा तो आईच्या सांगण्यावरून, आई गेली आणि सांगणारं कुणी उरलं नाही. भावाला बहिणीवर प्रेम नव्हतं का? होतं. पप्पा आजही आत्याचं नाव काढलं की हळवे होतात. पण कुणीतरी म्हटल्याशिवाय ते उठून कुठे जात नाहीत, हे आम्ही घरात रोज बघतोच.

आत्याचं माहेर पाटण तालुक्यात आणि लग्नानंतर काही वर्षांनी ती मुंबईत आली. काका, म्हणजे तिचे यजमान, कापडाच्या गिरणीत होते, लालबागला दहा बाय दहाची खोली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, आणि त्यातले कितीतरी कायमचेच बसले, हे गिरणगावातल्या कुठल्याही घरात तुम्हाला सांगतील. काका त्यातलेच. आज्जी गेली ती या सगळ्यानंतर, हाती पैसा नसतानाच्या काळात. त्यामुळे गुडघाभर गवताची दुसरीही बाजू आहे जी आत्याने अगदी सहज सांगितली, की एसटीच्या तिकिटाला पैसे नव्हते आणि मोकळ्या हाताने माहेरी जायची लाज वाटायची. आई असती तर मोकळ्या हाताने गेलं तरी चाललं असतं. भावजयीसमोर नाही.

आणि तिसरी ओवी. माझ्या मते हीच खरी, बाकीच्या दोन तिच्यापर्यंत यायचा रस्ता. 'दंड घालणं' हे मला माहीतच नव्हतं. लुगडं वापरून वापरून मधे फाटतं, काठाकडचा भाग मात्र चांगला राहतो, मग फाटलेला मधला भाग कापून काढायचा आणि चांगले दोन तुकडे मधोमध शिवून जोडायचे, तो जोड म्हणजे दंड. गरिबाघरी एका लुगड्याला दंड घालून ते आणखी दोन-तीन वर्षं काढायचे. आत्याने उठून ट्रंकेतून काढून दाखवलं. आज्जीचं इरकली, हिरवं होतं म्हणे, आता रंग सांगता येणार नाही असं झालंय. मधोमध हाताने घातलेली बारीक टीप, एका ठिकाणी दोरा पांढरा आणि पुढे काळा, कारण मधेच पांढरा संपला असणार. दुसरा दंड पहिल्याच्या बाजूलाच, कारण तिथेच पुन्हा फाटलं. लुगडं दर जोडाला अरुंद होत जातं. एकदा असं होतं की ते अंगाला पुरत नाही.

आणि दुसरीकडे भावाने घेतलेली नवी कोरी चोळी खुंटीवर. का नाही घातली? मी म्हटलं, रागाने? आत्या हसली. म्हणाली, "माघारी दिली असती तर भाऊ तुटला असता. आंगात घातली असती तर फिटलं असतं." हे ऐकून माझ्या हातातली गवार तशीच राहिली. परत करायची नाही आणि वापरायचीही नाही, खुंटीला टांगून ठेवायची. रोज जाता येता दिसेल अशी. म्हणजे नातं पण चालू आणि थकबाकी पण चालू.

आता चोळीवर एवढं काय, असं तुम्हाला वाटत असेल तर तुमच्या गावाकडे शेतजमीन नसावी, किंवा तुम्हाला बहीण नसावी. साडीचोळी करून बहिणीची सही घेणं हा आपल्याकडचा जुना आणि अत्यंत प्रेमळ असा व्यवहार आहे. हक्कसोडपत्र म्हणतात त्याला. भाऊ बहिणीला गावाला बोलावतो, घरी गोडधोड होतं, तालुक्याच्या ऑफिसात जाऊन ती वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा भावासाठी सोडून दिला असं लिहून देते, अंगठा किंवा सही, येताना हॉटेलात मिसळ, आणि संध्याकाळी साडीचोळी. पैसे मागणारी बहीण म्हणजे लालची. न मागता सोडणारी म्हणजे खानदानी. महाराष्ट्राने 1994 मध्येच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांसारखा हक्क दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्यांना त्यातून वगळलं होतं. मग 2005 मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि ती लग्नाची अट गेली, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं की हा हक्क मुलीला जन्मापासूनच आहे, 2005 ला वडील हयात असले-नसले तरी. कागदावर सगळं छान. आत्याने सही केली ती 2005 नंतर, म्हणजे कायदा तिच्या बाजूने झाल्यावर. किंवा कदाचित झाला म्हणूनच, त्याआधी तिची सही कुणाला हवी होती!

तिने कुरकुर केली नाही. 'भाऊच हाय ना, दुसरं कोन हाय मला' असं म्हणून आली. मिसळ खाल्ली. चोळीचा खण आणि साडी घेऊन परतीच्या एसटीने परळला उतरली.

आणि मग तिने ओवी रचली. म्हणजे पहिल्या दोन आधीच्या होत्या, तिसरी तेव्हाची. मी विचारलं की मुंबईत जातं कुठे होतं गं तुझ्याकडे? तर नव्हतंच. जातं गावालाच राहिलं. तिचं वाक्य आहे, "एका गिरनीनं मालक नेला, दुसऱ्या गिरनीनं जातं नेलं." पिठाची चक्की आली तशी जाती कोपऱ्यात गेली हे सगळ्यांनाच माहितीये, पण गाणी लगेच गेली नाहीत, ती धान्य निवडताना, पापड लाटताना, स्टोव्हच्या आवाजात चालू राहिली. आवाज पाहिजे काहीतरी, एवढंच.

हा आवाजाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. सासरी तोंड वर करून रडायची सोय नसायची. कशाला रडतेस, इथे काय कमी आहे तुला, असं लगेच यायचं. जात्यावर मात्र बसलं की गायचंच असतं, तो कामाचाच भाग. ओवीला फार जुनी परवानगी आहे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लास ग्रंथात, म्हणजे 1129 च्या सुमाराला, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. जनाबाईचं तर दळिता कांडिता सगळ्यांना पाठ असतं, पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं म्हणून जातंही दाखवतात. तर इतकी शतकं जी गोष्ट चालत आली तिला घरातली कुठली सासू आडवं येणार? आणि गंमत अशी की घरघर एवढी असते की शब्द पूर्ण ऐकू येत नाहीत, पण आडोशापलीकडे झोपलेल्याला कळायचं तेवढं कळतं. ऐकू जावं पण उलट उत्तर देता येऊ नये, अशी ती जागा. ओवीत कुणी टोमणा मारला म्हणून त्याला जाब विचारायचा म्हणजे तो टोमणा आपल्यालाच होता हे कबूल करायचं. कोण करेल?

शिवाय समोर बसलेली असते. जातं मोठं असलं की दोघी लागतात, समोरासमोर, खुंट्यावर दोघींचा हात, एक वैरण, म्हणजे मूठमूठ धान्य, घालते, एक ओळ म्हणते, दुसरी तीच ओळ उचलते. म्हणजे माझं दुःख तुझ्या तोंडून एकदा फिरून येतं. आणि ती दुसरी कोण असायची? बहुतेक वेळा जाऊ. किंवा भावजय. ज्या भावजयीवर ओवी, तीच समोर बसून ती ओळ परत म्हणतेय असं पण झालं असेल. मला हे बासरीवाल्या रीलपेक्षा शंभर पट जास्त भारी वाटतं.

ज्यांना अशा ओव्या ऐकायच्या असतील त्यांनी प्लीज रील्सवर ऐकू नका. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' काढलं, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे केवढं तरी काम करून ठेवलंय, ते छापील झालं. पण आवाज हवा असेल तर पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइटेव्हिन यांनी खेडोपाडी फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, हजाराच्या वर गावांतून, आणि त्यातल्या बऱ्याच रेकॉर्डही झाल्यात, 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या वेबसाइटवर 2017 पासून त्या येतायत. तिथे वर चढवलेलं संगीत नाही. बाई गाते, विसरते, हसते, परत धरते. आणि दहा-पंधरा ओव्या सलग ऐकल्या की कळतं की आईवरच्या ओवीत भाऊ येतोच. भाऊ आला की भावजय येते. आणि भावजय चांगली असली तर ओवीत तिचं काही काम नसतं.

इथून पुढचं मला जड जातंय लिहायला, कारण ती भावजय माझी आई आहे.

मी सगळं ऐकून आले आणि दोन दिवस घरात फुगून होते. तिसऱ्या दिवशी आईला विचारलंच, आज्जी गेल्यावर आत्या आली तेव्हा तू तिला बस का नाही म्हणालीस? आई म्हणाली, कधी? मी सांगितलं. ती कणीक मळत होती, मळतच राहिली आणि म्हणाली, "दहाव्याला ऐंशी माणसाचं जेवण होतं, चूल बाहेर मांडलेली, पाऊस, तुझा दादा तापाने फणफणलेला आणि तू कडेवर. माझ्या हातात पाट नव्हता, पातेलं होतं. आणि तुझी आज्जी गेली ती त्यांची आई गेली, माझं काय गेलं? मला घरात सांगणारी, सांभाळून घेणारी तीच एक होती. मला कुणी बस म्हणालं का?" मग थोडं थांबून, "आणि माझ्या माहेरी मला कोण पाट देतं गं? तुझी मामी?"

मामीचं नाव निघालं म्हणजे विषय संपला. मामीबद्दल आई जे बोलते ते आत्या आईबद्दल बोलते त्याच्यापेक्षा काकणभर वरचंच असतं. आणि मामी तिच्या माहेरच्या भावजयीबद्दल काय बोलते ते मी लग्नाकार्यात ऐकलंय. मला वाटतं ही ओवी म्हणूनच एवढी टिकली, प्रत्येक बाई ती गाताना नणंद असते, आपण कुणाच्या तरी ओवीतली भावजयसुद्धा आहोत हे गाताना आठवायची गरज नसते. आणि भाऊ? भाऊ ओवीत कायम 'बंधू' असतो, मानाने, चोळी घेणारा, वाडा असणारा. सही घेणारा पण तोच, सातबारा पण त्याच्याच नावावर, पण शिव्या भावजयीला. तीन ओव्यांत भाऊ दोनदा आलाय आणि दोन्ही वेळा त्याला एक वाकडा शब्द नाही. भावजय शब्दाने एकदाही आलेली नाही, आणि तरी ऐकणारी प्रत्येक बाई तिलाच दोष देते. मी पण तेच केलं की, पप्पांना विचारायच्या आधी आईला विचारलं.

पप्पांना विचारलं मग नंतर. चोळी आठवत नाही म्हणाले. साडी आईनेच आणली असेल म्हणाले. सहीबद्दल म्हणाले, तेव्हा सगळेच करत होते. टीव्हीचा आवाज वाढवला नाही, मोबाइल पण घेतला नाही हातात, नुसते बसून राहिले, पण बोलले एवढंच. पुढे मी ताणलं नाही.

आणि मुंबईत हे संपलंय असं कुणी समजू नये. आमची लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीये. पूर्वी ज्या खोलीत कुणी पाहुणा राहायला आला की आम्हाला गॅलरीत झोपावं लागायचं त्या खोलीच्या बदल्यात आता टॉवरमध्ये फ्लॅट मिळणार आणि त्याची किंमत ऐकून सगळ्या नात्यांना पंख फुटलेत. भाडेपावती एकाच्या नावावर करायची तर बाकीच्यांचं ना हरकत लागतं. दादाने मला मागेच फॉर्म पाठवलाय, खाली प्रेमाने लिहिलंय, सही करून ठेव, मी घरी येऊन घेऊन जातो. वहिनीने वेगळा मेसेज केलाय की या दिवाळीला तुझ्यासाठी पैठणी बघितलीये, कुठला रंग? दादा माझा खरंच चांगला आहे, वहिनी पण. मी अजून फॉर्म प्रिंट केलेला नाही. रंगही कळवलेला नाही. विचारलं की ऑफिसात मार्च एन्डिंग चालू आहे म्हणते, आणि मार्च जाऊनही आता बरेच दिवस झालेत.

आत्याला हे सांगितलं तर ती खूश झाली. इतकी खूश मी तिला हळदीतही बघितली नव्हती. मग म्हणाली, अजून एक हाय, चौथी, पण ती तुझ्या त्या मोबाइलवर घ्यायची न्हाई. मी फोन पर्समध्ये टाकला, चेन लावली, तेव्हा कुठे म्हणाली. ती ओवी भावजयीवर आहे, सरळ नाव घेऊन, आणि इतकी झणझणीत आहे की इथे लिहिता येणार नाही, आणि तसं वचनही दिलंय. घरी येऊन आईला फक्त पहिले दोन शब्द सांगितले, बाकी काही नाही. आईने कपड्यांची घडी घालता घालता पुढची अख्खी ओवी म्हणून दाखवली, आत्याच्याच चालीत, आणि वर सांगितलं की आत्या तिसरा शब्द चुकीचा म्हणते.